बटणाचा खिसा

बेल किती वेळ दाबत होतात? — अहो, वाजत नाही ती. वायर मीच काढून ठेवलीय. सरळ हाक मारायची. आणा, बघू तो कोट. मधलंच बटण गेलंय होय? — पडलेलं जपून ठेवलंत, शहाणे आहात. लोक हरवून येतात आणि वर म्हणतात, हुबेहूब तसंच द्या. बसा त्या स्टुलावर, पाच मिनिटांचं काम. नाही चुकणार तुमची गाडी.

आमची आई ह्याला गुंडी म्हणायची. आपण बटण. आणि आमचे हे — इंग्रजीचे मास्तर, सदतीस वर्षं शाळेत शिकवलं — ह्यांना शब्द उसवून बघायची भारी खोड. मी कपडे उसवते, हे शब्द. इथंच बसायचे, तुम्ही बसलात त्याच स्टुलावर, आणि मी बटणं लावतेय तोवर म्हणायचे, अगं, तू कळ्या शिवतेयस, कळ्या! — म्हणजे काय, तर बटण हा शब्द इंग्रजांनी फ्रेंचांकडून उचलला, आणि तिकडे त्याचा अर्थ कळी. झाडाला येते ती. कळीसारखं टपोरं म्हणून कपड्याचं बटण. तसंच गोल म्हणून मग लिफ्टचं, बेलचं. एवढीशी आळंबी असते ना, तीही बटणच. मी म्हणायची, आपलं बरंय, कपड्याला गुंडी, दिव्याला कळ, घोळ नाही — तर म्हणायचे, घोळ कसला, एका घरची भावंडं आहेत ती. मला काय कळणार! सातवी नापास बाई मी. हूं हूं करायची आणि दोरा ओवायची.

जरा उजेडाकडे सरकते हं. — शेवटी दवाखान्यात होते, अकरा दिवस. छातीचं दुखणं. उशाशी बेल असायची, वायरला लोंबणारी, तिचं ते बटण — दम लागला की दाबायचं, सिस्टर धावत येणार. पण हात थरथरायचे ह्यांचे, बेल सारखी घरंगळून खाटेखाली. मग काय, शिंपीण ना मी — सदऱ्याला छातीवर एक चिमुकला खिसा शिवला, खास त्या बेलसाठी. केवढे खूश! सिस्टरला बोलावून दाखवलं — बटणाला खिसा, जगात पहिलाच!

त्या दुपारी मला दिसलं, सदऱ्याचं वरचं बटण लोंबतंय. एका दोऱ्यावर. शिंपिणीच्या नवऱ्याच्या अंगावर असा सदरा? लोक काय म्हणतील? म्हटलं, काढा, दोन टाके घालून आणते. हे म्हणाले, राहू दे गं, बस जरा इथं. मी ऐकतेय कुठली! सदरा उतरवला, बेल टेबलावर ठेवली, पांघरूण घातलं आणि मी गेले व्हरांड्यात, तिथं उजेड चांगला म्हणून. दोन टाके म्हटलं आणि पाचही बटणं पक्की करत बसले — एकदा सुई हातात आली की राहवत नाही मला. परत आले तर — हात टेबलाकडे होता ह्यांचा. वीतभर राहिलं होतं. एवढंच. हाक मारली असेल का हो? — कुठली मारणार, दम तरी होता का अंगात. पण मारली असेल तर?

झोपेत गेले, असंच सांगितलंय मी सगळ्यांना. लेकीलाही. परवा फोनवर म्हणाली, बरं झालं गं आई, बाबांना त्रास नाही झाला. मी हो म्हटलं. हो म्हणून फोन ठेवला आणि तो सदरा काढून बसले — पाचच्या पाच बटणं घट्ट आहेत अजून. — तुम्ही नका असे बघू माझ्याकडे.

झालं. ओढून बघा, नाही निघायचं आता. माझं बटण निघत नाही. — नको, राहू दे पैसे. घाला कोट आणि निघा. दार ओढून घ्या जाताना. आणि परत कधी आलात तर हाक मारा. जरा मोठ्यानं मारा — मी इथंच असते.