टाकीची सावली

— नाही नाही, गच्ची नाही मिळायची. खोली घे, मोरी घे, मागचा व्हरांडा घे, पण गच्चीचं नाव काढू नकोस. उभा का? बस ना. तुझ्याएवढा मुलगा आहे मला, लांब असतो, म्हणून अरे-तुरे करते, राग नाही ना? खोली आवडली म्हणालास, मग घाई कसली? कुत्रा आहे म्हणालास म्हणून तर बसवून घेतलं. बाकीचे घरमालक कुत्रा म्हटलं की तोंडावर दार लावतात, माझं उलटं — माणसाचं एक वेळ चालवून घेईन, मुक्या जिवाचं नाही. त्यातून हे असले दिवस! सकाळी चहा होईस्तोवर ऊन अंगणात. म्हणून आधीच सांगून ठेवते, मागनं वाद नकोत.

तुझ्याआधी इथं एक विमावाला राहायचा. एकटाच. इस्त्रीचा शर्ट, येता-जाता "काकू, बरं आहे ना?" — नाव ठेवायला जागा नाही. त्याचा कुत्रा भुऱ्या, हे असे दाट केस, थंडीत राहणारा जीव. हा कामावर जाताना त्याला गच्चीत बांधून जायचा, टाकीच्या खांबाला. मोकळी हवा मिळते म्हणे! आता सकाळी तिथं टाकीची ऐसपैस सावली असते. हा बघणार काय — सावली आहे, वाडग्यात पाणी आहे, झालं, निघाला. आणि दुपारी? सावली सरकते रे. साखळी सरकत नाही. टाकीच्या पलीकडे चांगली हातभर सावली पडलेली आणि भुऱ्या मान ताणून नुसतं नाक तिच्यात खुपसून पडलेला. बघितलंय मी या डोळ्यांनी. सांगितलं ना त्याला, का नाही सांगणार? म्हटलं, बाबा रे, फरशीवर उलटा हात टेकव आणि मला सांग किती दम निघतो. पत्र्याच्या वाडग्यातलं पाणी हात भाजेल इतकं तापतं. कुत्र्याला काय आपल्यासारखा घाम येतो? जीभ काढून धापा टाकायच्या, तेवढंच त्याच्या हातात. तर हसला. "काकू, जनावर आहे ते, त्याला सवय असते." वाईट नाही हसला, चांगलंच हसला — लहान मुलांशी हसतात ना, तसं. तेच डोक्यात गेलं माझ्या.

— बस रे, होतंय माझं. मग एका दुपारी भुंकणं थांबलं. भुंकत असतो तोवर ठीक असतं, गप्प झाला की समजायचं. वर गेले तर आडवा. हिरड्या विटेसारख्या लाल, डोळे कुठंतरी भलतीकडे. उचलला कसा, जिना उतरले कशी, देवाला ठाऊक. मोरीत घेतला — बर्फ ओतायचा नसतो हं एकदम, लोक घाबरून ओततात — साधं पाणी, पोटावर, पायांच्या बेचक्यात, पंजांना, आणि वरून पंखा. जनावरांचा डॉक्टर आला, वाचवला. संध्याकाळी या गृहस्थाला सगळं सांगितलं. "थँक्यू काकू" म्हणाला. थोडे दिवस ठेवला आत. आणि मग पुन्हा एके सकाळी जिन्यावर साखळीचा आवाज.

पुढं? पुढं काही नाही, अपघात झाला. सुट्टीचा दिवस, भुऱ्या खाली माझ्याकडे, आणि हा भरदुपारी वर गेला चादर आणायला. अनवाणी, आत्ता येतो म्हणून. फोन खाली. वाऱ्यानं दार लागलं. जुनं दार आहे, आपटतं आणि कडी बसते — काय? हो, कडी जिन्याच्या बाजूनं आहे. मघाशी बघितलीस वाटतं. आपोआप नाही बसत म्हणतोस? — बरं बाबा. वारा नव्हता. झालं समाधान? वारा कसला, पान हलत नव्हतं.

ठरवलेलं काही नव्हतं हं मी. म्हटलं, जरा कळू दे. जरासंच. मग दार वाजायला लागलं — "काकू, काकू!" मी इथंच होते, भाजी निवडत. म्हटलं, एवढी जुडी होऊ दे. मग दुसरी घेतली. भुऱ्या उठला, जिन्याशी गेला, पंजानं पायरी ओरबाडायला लागला, कण्हायला लागला. त्याला ओढून आतल्या खोलीत कोंडला. शेवटी वरची हाक थांबली. तरी मी उठले नाही. का नाही उठले? हाताशी भाजी होती, निवडत राहिले, एवढंच.

आमचे हे आले बाहेरून, त्यांनी कडी काढली. तळपाय सोललेले, टाकीला चिकटून अंगाचं मुटकुळं करून पडलेला, बोलतोय ते काही कळेना. टाकीच्या झाकणाला कुलूप असतं ना, पाणीही नाही. वाचला हो! असा का बघतोस? वाचला. बहीण येऊन त्याला घेऊन गेली. अजून म्हणे शब्द सापडत नाहीत, हातातला पेला सुटतो. आणि भुऱ्या — मला वाटलं माझ्याकडे राहील. तो बहिणीच्या गाडीत उडी मारून त्याच्या मांडीवर जाऊन बसला. मागं वळून बघितलंसुद्धा नाही मेल्यानं. कोणी काही विचारलं नाही. त्याला आठवत नाही, आणि हे बोलत नाहीत. माझ्याशीही नाही, कामापुरतं तेवढं, दिवा घालव, दूध आलंय. तुला फाटकापाशी काही म्हणाले का? मागच्या एकाला म्हणाले होते, "घेऊ नका खोली." नाही ना म्हणाले?

— अरे, पुन्हा उठतोस? घाबरलास होय? तुला कोण काय करतंय! तू भला मुलगा आहेस, बघताक्षणी ओळखलं मी. केवढा घाम आलाय. आणि सारखं खिडकीतून काय बघतोस? ती पांढरी गाडी? तुझी आहे का? छान आहे की, मग — काय?

गाडीत?

आत्ता? मी इथं बोलत बसल्यापासून? काच खाली आहे — किती खाली? बोटभर! आणि मघापासून उठतोयस, बसतोयस, अरे, मला गप्प का नाही केलंस? तोंड का नाही दाबलंस माझं?

नाही. तू नाही जायचं. किल्ली दे. इकडे दे म्हणते ना. आणि तू इथून हलायचं नाहीस.