आभार आधी गेले

रूथ: शेजारची प्रणिता विचारत्येय, आपल्याकडं ती जेवली कधी. नव्या घराच्या मलिद्याची प्रार्थना नि जेवण रविवारी हाय ना रे?

जोनाथन: हाय. आई, तू बस आधी.

रूथ: बसल्येच. बोल.

जोनाथन: आमंत्रणं पाठवायला कॉम्प्युटरवर स्क्रिप्ट लिहिली ना, तिला निसीमदादाच्या लग्नात केलेलं तयार प्रोग्रामचं पॅकेज जोडलं. त्यात शेवटची आवराआवर हाय. स्क्रिप्ट संपली की ते आपोआप आभार पाठवतं आणि सगळं बंद करून टाकतं.

रूथ: मग संपल्यावर पाठवायचे.

जोनाथन: संपलीच ती. पयल्याच नंबरावर, सायमनमामाच्या इस्रायलच्या, अडली आणि बंद पडली. पडली काय, संपली काय, पॅकेजला एकच.

रूथ: आणि आमंत्रण?

जोनाथन: कुणालाच नाय. आभार सगळ्यांना. 'आपण आलात, पोटभर जेवलात, नवं जोडपं ऋणी आहे.'

रूथ: नवं जोडपं कोण? मी आणि तुझा बाप?

जोनाथन: मजकूर बदलायचा राहिला.

रूथ: पंगत बसली नाय तोच पत्रावळ्या उचलल्यास. वन्संना तरी नाय ना गेलं? त्यांचं नाव काढ म्हटलेलं.

जोनाथन: आमंत्रणातनं काढलं. आभारांची यादी पॅकेजच्या पोटात, लग्नातलीच. त्याला काय ठाऊक, हन्नाआत्याला तू फोटोला बोलावलं नायस ते.

रूथ: बोलावलं. उंच हायत म्हणून मागं उभं राहा म्हटलं, त्याचं रामायण झालं.

जोनाथन: आता अट घालतो. काम नीट पार पडलं तरच आभार.

रूथ: तुझी अट राहू दे. मी एकेकाला फोन करते.

(फोन वाजतो. रूथ स्पीकर लावते.)

हन्ना: अष्टमी गावातनं हन्ना बोलत्येय. मी पोटभर जेवले म्हणं.

रूथ: पोराच्या कॉम्प्युटरनं घोळ घातला, वन्सं.

हन्ना: मला वाटलं, टोमणा हाय. लग्नापासून फोन नाय, आणि एकदम आभार. दुपारभर उत्तर शोधलं. चांगलं जहरी सुचलंय.

रूथ: मग ऐकवा की.

हन्ना: राहू दे. जेवण कधी हाय ते सांग.

रूथ: रविवारी, वरश्याच्या नव्या घरी. जोनाथन नदीच्या पुलावर न्यायला येईल.

हन्ना: न्यायला कशाला, पूल दिसतो मला अजून. येईन मी.

रूथ: या तुम्ही.