निळ्या ठिपक्यावर बोट

...म्हणजे पुन्हा पहिल्यापासून सांगू? परवा एक जण लिहून घेऊन गेला, आज तुम्ही — पाणीखात्यात माणसांना दुसरं काम नाही वाटतं. बसा. त्या खुर्चीत नको, ती माझी आहे. स्टूल घ्या.

ॲप माझ्या मुलीनं केलं, हे तरी माहितीय ना? शहरभरातले पाण्याचे व्हॉल्व्ह नकाशावर — खुणेवर बोट ठेवलं की त्याची सगळी माहिती. आता हे व्हॉल्व्ह एकतीस वर्षं फिरवले कोणी? मी. आणि ते दाखवायला तिनं बोलावलं कोणाला? माझ्या हाताखालच्या जोडीदाराला. का, तर काकांना मोबाइल चालवता येतो. काका! माझ्याशी बोलायला हिला वेळ नाही, आणि काका, चहा घ्या, काका, पंखा लावू का — महिनाभर तो माझ्या खुर्चीत. मी आतल्या खोलीत पडदा सारून — नाही, ऐकत नव्हतो, कानावर पडतं माणसाच्या.

मग अडलं. बोट ठेवलेली खूण आणि यादीतला व्हॉल्व्ह एकच आहे का, एवढंच ताडून बघायचं — तर कॉम्प्युटर म्हणे, दोन्हींचा प्रकार वेगळा, तुलना होणार नाही. दोन दिवस ती डोकं धरून. शेवटी मीच बाहेर गेलो. म्हटलं, वाचून दाखव काय म्हणतोय. तर म्हणाली, बाबा, तुम्हाला नाही कळायचं. त्याच्यासमोर म्हणाली. तरी सांगितलं — नकाशा हातात देतो ती नुसती खूण, कशाचीही असेल. आपल्या यादीत आहेत व्हॉल्व्ह. अहो, यात न कळण्यासारखं काय आहे? रस्त्यात लोखंडी झाकण दिसलं म्हणजे खाली व्हॉल्व्हच असतो? गटार असेल, फोनची तार असेल. आधी झाकण उचलायचं, व्हॉल्व्ह असला तर नंबर ताडायचा, नसला तर झाकण ठेवून पुढं जायचं. चौथीत शाळा सुटली माझी, पण एवढं कळतं. जोडीदार हसला. म्हणाला, दादा, आपल्या नकाशावर सगळे व्हॉल्व्हच टाकलेत मी, झाकणं कशाला उचलत बसायची? आणि तिनं त्याचं ऐकलं. प्रत्येक खूण व्हॉल्व्हच धर, असं कॉम्प्युटरला दटावून सांगितलं. तक्रार मिटली. काकांना टाळी दिली.

आता तो निळा ठिपका — फोन घेऊन आपण उभे असतो तिथं दिसतो ना, तो. नकाशाच्या लेखी तोही खूणच. पण व्हॉल्व्ह नाही. मला कसं कळलं? मुलगी आंघोळीला गेली होती, फोन टेबलावर. ठेवलं बोट. ॲप खटकन बंद. पुन्हा उघडलं, पुन्हा ठेवलं, पुन्हा बंद. फोन होता तसा ठेवून दिला. सांगितलं का नाही म्हणता? मला नाही ना कळायचं.

मग ॲप खात्याला दाखवायचा तो दिवस. मोठे साहेब, सगळं खातं, जोडीदार इस्त्रीचा शर्ट घालून पुढं, फोन मोठ्या पडद्याला जोडलेला. मी मागं उभा. दहा-बारा व्हॉल्व्ह दाखवले त्यानं, टाळ्या पडल्या. मग कोणीतरी म्हणालं, आपण आत्ता कुठं उभे आहोत ते दाबून दाखवा की. कोणीतरी — एवढ्या गर्दीत कोण ते काय लक्षात राहतं... बरं, मी म्हणालो. त्यात काय वाईट? साधा प्रश्न. त्यानं ठिपक्यावर बोट ठेवलं, पडदा काळा. पुन्हा ठेवलं, पुन्हा काळा. तो फोन उलटासुलटा करून बघायला लागला. मुलगी त्याच्याकडे बघत नव्हती. माझ्याकडे बघत होती.

त्याच संध्याकाळी तिनं दुरुस्त केलं — आधी विचार व्हॉल्व्ह आहेस का, नसला तर सोड. माझंच, शब्दन् शब्द. पण बोलली नाही. अजून बोलत नाही, ताट झाकून ठेवते आणि जाते. तोही येत नाही. खुर्ची रिकामीच असते.

हे लिहू नका. खोडा ते. — काय म्हणालात? मी? मी कशाची माफी मागू? माझ्या घरात, माझ्या खुर्चीत बसून, माझ्या पोरीसमोर हसला तो... उठा, झालं तुमचं काम. जाताना दार ओढून घ्या. आणि लिहायचंच असेल तर एवढंच लिहा — माफी मागायची राहिलीय ती एकानंच, त्या काकानं.