शेजारणीचा विस्तव

गिरिजाबाई : माझ्या सिद्धूचा साखरपुडा तोंडावर आलाय, आन् तू रगत तपासा म्हन्तीस! सासू म्हणून न्हाय, तुझ्या आईची आई म्हणून सांगते, गप ऱ्हा.

शिवलीला : हळू, आज्जी. माझ्या रुद्राणीचा आत्ता कुठं डोळा लागतोय. थांबा, आवाज आला का?

गिरिजाबाई : मांजर हाय. बस की! पोरगी चालताना पडती, त्येचं सिद्धूच्या लग्नाला काय?

शिवलीला : तेच सांगतेय. आपल्या पेशीपेशीत मायटोकॉन्ड्रिया असतात, ताकद बनवणाऱ्या कणिका. त्या सारख्या एकमेकींना जुळतात, परत सुटतात. कधी दोऱ्यासारख्या लांब, कधी मण्यांसारख्या. एक थकली की दुसरीला जुळून सावरते.

गिरिजाबाई : चूल इझली की शेजारणीचा विस्तव आणावा, तसं?

शिवलीला : तसंच. पण हे जुळणं एका जनुकाच्या हातात असतं. रुद्राणीचं तेच बिघडलंय. कणिका सुट्ट्या पडल्यात, एकेकटीच विझतात. पायाच्या नसा सगळ्यांत लांब, म्हणून आधी पाय.

गिरिजाबाई : गावाकडं वळसंगला धाड तिला. तेल चोळते.

शिवलीला : चोळा. पण तेलानं नाही भागायचं. जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईची, एक बापाची. एक धड असली तरी चालतं. तिच्या दोन्ही बिघडलेल्या.

गिरिजाबाई : म्हंजी तुझ्यातबी खोट?

शिवलीला : माझ्यात एक, ह्यांच्यात एक. मला आईकडून आली. आणि आईला, ह्यांना... तुमच्या घरातून.

गिरिजाबाई : माझ्याकडनं?

शिवलीला : नाहीतर आजोबांकडून. चूक कुणाची नाही हो. एकच प्रत वाईट असली तर जन्मभर कळत नाही. पण मला दिली तशी मामाला भाची दिली की दोन्ही एकत्र यायची भीती. आता सिद्धूमामाला माझीच बहीण, सुकन्या, देताय.

गिरिजाबाई : घरची पोर घरात ऱ्हाती, म्हणून देतो. मोडायचं व्हय?

शिवलीला : मोडा कुठं म्हणतेय? दोघांचं रक्त तपासा.

गिरिजाबाई : आन् निघालं काय तर? भावकी सुकन्यालाच नावं ठेवंल.

शिवलीला : मूल असं झालं तरी तिलाच ठेवतील. मला ठेवतातच की.

गिरिजाबाई : कोन ठेवतंय?

शिवलीला : तुम्ही. ‘पोटुशी असताना पपई खाल्लीस’ म्हणालात. चार बायकांत.

(गिरिजाबाई फोन उचलून शिवलीलापुढं धरते.)

गिरिजाबाई : लाव फोन.

शिवलीला : सिद्धूमामाला?

गिरिजाबाई : सुकन्याला. आधी तिला कळू दे.

शिवलीला : आणि ती लग्नालाच नको म्हणाली तर?

गिरिजाबाई : म्हनू दे की. आजून तिला कुनी इचारलंच न्हाय.