कूलरमधले पॅड

चूक माझ्या बाबांचीच. मी फायनलमध्ये गोल खाल्ला, तर त्यांनी मैदानातच सगळ्यांसमोर माझ्या कानाखाली वाजवली. मी हॉकी सोडली, पाठोपाठ कॉलेजही. बाबांनी माझे गोलकीपरचे पॅड खिडकीतल्या कूलरच्या फटीत कोंबले.

शेजारची पूर्वाही हॉकी खेळते, पण माझ्या अगदी उलट, कोणाला उलटून बोलत नाही. तिच्या फटक्याने एका मैत्रिणीचे दात पडले, तेव्हापासून ती चेंडू नुसता ढकलायची. तिची निवड चाचणी उद्यावर आली, आणि ढकलणाऱ्यांना कोण घेतं? मी तिला मैदानावर नेलं.

"मार वं जोरात, मी उभा आहो गोलात."

"तुये पॅड कुठी आहेत?"

"कूलरमधी."

"लागलं तर गा?"

"माह्या बापापेक्षा जोरात मारशील काय?"

तिने मारला. मी पाय घातला, चेंडू अडला, आणि मी खाली बसलो. ती रडत धावत आली.

"रडून काहून राहिली? अडवला न मी! अजून मार."

दुसरा सरळ गोलात गेला. चाचणीत तिने तीन गोल मारले.

निवड झाल्यावर ती थेट आमच्या घरी आली. बाबांना म्हणाली, "काका, ते पॅड काढा. हा आता रोज माह्यासमोर उभा राहणार आहे."

बाबा उठून कूलरकडे गेले.

तिच्या पहिल्याच फटक्यात माझ्या उजव्या पायाचा अंगठा मोडला होता.