प्लास्टरचे वीस जबडे

मामा : थांब चिऊ, ते आकडे सरांना पाठवू नकोस.

चिऊ : का रे? त्या एकाच पोलादी जबड्याची वीस मापं मी हातानं, ट्रेमध्ये लगदा भरून घेतली, वीस स्कॅनरनं. हातानं घेतलेली सरस ठरली! आठ दिवसांत प्रबंध दिला की पदवी पदरात. तू तोंड का पाडलंयस?

मामा : तुझ्या मापांत प्लास्टर मी ओतलं ना...

चिऊ : मग आणखी कोण ओतणार? चाळीस वर्षं दातांची लॅब चालवतोयस.

मामा : तेच तर नडलं. प्लास्टरचा जबडा मापातून सुटला, की माझा हात आपोआप सुरीकडे जातो. कुठे बुडबुड्याचा दाणा, कुठे कड जाड. दातावरची कॅप अडली की हळूच खरवडायचं. पेशंटला टोचू नये म्हणून.

चिऊ : किती खरवडलेस?

मामा : अगं, म्हणजे तसे...

चिऊ : मामा, किती?

मामा : वीसच्या वीस.

चिऊ : अरे देवा! म्हणजे तीन महिने डोळे फोडून मी तुझी कारागिरी मोजत बसले?

मामा : मुद्दाम नाही गं केलं, आईशप्पथ. आत्ता तू आकडे वाचलेस तेव्हा डोक्यात उजेड पडला.

चिऊ : असा राग आलाय ना तुझा! गप्प बसला असतास तर कुणाला कळलंही नसतं.

मामा : उद्या कुणीतरी तुझं वाचून हातानंच माप घेईल. तिथे खरवडायला मी नसेन.

चिऊ : ... बरं. ऊठ. पुन्हा घेऊ.

मामा : आठ दिवसांत?

चिऊ : रोज चार, म्हणजे पाच दिवसांत वीस. दोन दिवस मोजायला, एक लिहायला. झोप गेली खड्ड्यात.

मामा : प्लास्टर दुसऱ्या कुणाकडून ओतून घे. माझ्या हाताचा भरवसा नाही.

चिऊ : तूच ओतायचंस. सुऱ्या सगळ्या माझ्या कपाटात, किल्ली माझ्याकडे. दाणा दिसला तर दिसू दे.

मामा : आणि स्कॅनर पुढे गेला तर? आधीच माझ्या लॅबचे निम्मे डॉक्टर तिकडे वळलेत. तुझा कागद बघून उरलेलेही जातील.

चिऊ : तरी तसंच लिहीन, मामा.

मामा : लिही. पण ट्रे हलू देऊ नकोस. हरायचं तर नीट हरू.