गळक्या खोलीच्या बाई

आदरणीय अध्यक्ष, व्यासपीठावरचे शिक्षणाधिकारी साहेब, शाळा समितीतले सगळे काका-मामा, समोर बसलेल्या मावश्या-वहिन्या, आणि आज निवृत्त होणाऱ्या आमच्या मुख्याध्यापिका बाई, सर्वांना नमस्कार.

कॉलेज अर्धवट सोडलेल्या मुलाला शाळेच्या समारंभात बोलायला उभं करायचं, ही बाईंचीच कल्पना. तेव्हा जबाबदारीही त्यांची.

आपल्याकडची निम्मी घरं परदेशातून येणाऱ्या पैशांवर उभी आहेत. शाळासुद्धा. बाकं, नळ, रंग, सगळं तिकडच्यांनी दिलं. ते उपकार कोण विसरेल? पण झालं काय, तपासणीला साहेब लोक यायचे, चकचकीत बाकं बघायचे आणि शेरा मारायचे, 'गरज नाही'. आपण बाकं आणली, बाकांचं अनुदान थांबलं. आपण पदरचा कारकून ठेवला, सरकारी कारकुनाची जागाच गेली. साहेब, रागावू नका, तेव्हा तुम्ही नव्हता.

मग सातवीचं छत गळायला लागलं. आमच्याच वर्गातल्या, आता तिकडे नर्स असलेल्या एका मुलीने दुरुस्तीला पैसे पाठवले. कोण, ते विचारू नका. मागच्या रांगेने हसूही नये. मी गवंडी घेऊन हजर, तर बाई दारात आडव्या.

"ही खोली सरकारची आहे. सरकारच दुरुस्त करील."

माझं डोकं फिरलं. "बाई, डबल ड्युटी करून पाठवलेत तिने! तुम्हाला काय त्याचं?"

"ओरडून झालं? विज्ञानाचा शिक्षक मागितलाय मी. छत नीट दिसलं की तोही 'गरज नाही'त जाईल. हे पैसे तिच्या आईला परत दे, धाकटीच्या फीला होतील. आणि गवंडीदादांना चहा पाज, उगाच हेलपाटा झाला."

सातवीचा वर्ग व्हरांड्यात गेला. खोलीत बादली. पाऊस पडला की मुलं बादलीतलं पाणी लिटरने मोजायची, तक्ता करायची, आणि बाई तो अर्जाला जोडायच्या. असे सतरा अर्ज! शेवटी छतही झालं, शिक्षकही आले. धाकटी आज कॉलेजात आहे. मी नाही, पण या वर्षी परत नाव घालतोय. तेही बाईंमुळेच.

आता समितीने ठरवलंय, बाईंच्या जागी तिकडून पैसे मागवून माणूस ठेवायचा. काका, मन मोठं आहे तुमचं. पण एकदा ठेवला की ती जागाही गेली म्हणून समजा. काल फोनवर मी तिकडच्या त्या नर्सलाही विचारलं. म्हणाली, "या कामाला एक पैसा पाठवणार नाही." तिचे बरेच नकार पचवलेत मी, हा पहिला आवडला.

दाराशी टेबलावर अठरावा अर्ज ठेवलाय, सरकारनेच नवे मुख्याध्यापक द्यावेत म्हणून. जेवणाआधी सह्या करा. साहेब, पोच तेवढी आजच द्या.

बाई, त्या दिवशी दारात ओरडलो, त्याची माफी राहिली होती. ती आज मागतो. आत्ता काही कमी-जास्त बोललो असेन, तेही त्यातच धरा. ऐकून घेतलंत, सगळ्यांचे आभार.

आणि हो, अर्जावर पहिली जागा मोकळी ठेवलीय. आजवर मुख्याध्यापिका म्हणून सही केलीत. आज गावातल्या एक बाई म्हणून करा. पेन माझ्याकडे आहे.